बॉनेटची कड

पॉलिशच्या मशीनचा आवाज बदलला. फार नाही. बोलता बोलता माणसाच्या मनात मध्येच दुसरं काहीतरी येतं आणि आवाज जेवढा बदलतो, तेवढाच. तिने बटण सोडलं, फिरतं पॅड उचललं, आणि ते पूर्ण थांबेपर्यंत बॉनेटकडे पाहायचं नाही असं ठरवल्यासारखी त्या थांबत जाणाऱ्या चकतीकडेच पाहत राहिली. मग हातदिवा घेतला. पांढऱ्या गाडीवर दिवा धरला की त्याच्याभोवती बारीक ओरखड्यांचं जाळं गोल उमटतं. दिवा हलवला की जाळंही हलतं, जणू गाडीवरचे सगळे ओरखडे त्या एका दिव्याभोवतीच विणलेले आहेत. सकाळपासून तिने हे जाळं अर्ध्या बॉनेटवरून पुसून काढलं होतं. आता दिव्याचा गोळा स्वच्छ दिसत होता. फक्त डाव्या बाजूला, बॉनेटच्या अंगातून जी लांब उंच कड मडगार्डकडे उतरत जाते, तिथे करंगळीच्या नखाएवढ्या जागेत तो गोळा एकदम मंद झाला. आरशावर श्वास सोडावा तसा. तिने श्वास सोडला नव्हता. तिने स्पिरिटचा बोळा फिरवून कंपाउंड, म्हणजे घासायची लुगदी, काढलं, नवं काळं फडकं घेतलं आणि त्या जागी एकदाच घासलं. फडक्यावर पिठासारखं पांढरं आलं.

गाडी लाल असती तर पॅड लाल झालं असतं, निळी असती तर निळं. रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला इथे सगळे लॅकर म्हणतात, तो घासून घासून संपला आणि खालचा रंग लागला की पॅड लगेच चुगली करतं. कामगाराला वेळेवर कळतं, हात मागे घेता येतो. पण पांढऱ्या गाडीवर कंपाउंडही पांढरं, फेसही पांढरा, खालचा रंगही पांढरा. पॅड गप्प राहतं. म्हणूनच इथे पांढऱ्या गाड्या तिच्याकडे देतात. ताईचा हात हलका आहे, ताईला पांढऱ्यातलं पांढरं दिसतं, असं मालक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो. आणि ते खरंही होतं. जाडी मोजायच्या मीटरने तिने सकाळी सगळी गाडी मोजली होती, पंधरा वर्षांची, तीन वेळा परक्या हातांनी घासलेली म्हातारी गाडी. मध्यावर एकशे दहा मायक्रॉन, काठाकडे पंच्याण्णव. कडेवर मीटर बसत नाही, त्याला सपाट जागा लागते. कड घासली जाऊ नये म्हणून तिच्यावर नेहमी टेप लावायची असते. टेप लावली होती. मग कडेला चिकटून एक पाण्याचा डाग दिसला म्हणून ती काढली होती. एकदा हलकासा हात फिरवून घेऊ आणि परत लावू.

पण हात एकदा फिरला नव्हता. ते तिला माहीत होतं, आणि ते दुसऱ्या कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. दुपारी बारापर्यंत तिचं मौन असतं. वर्कशॉपमध्ये आल्यापासून ती बोलत नाही, मनात नाम घेते, आणि नाम मोजायला माळ हातात धरता येत नाही म्हणून मशीनच्या फेऱ्यांवर मोजते. मशीन डावीकडून उजवीकडे गेलं, एक. उजवीकडून डावीकडे, दोन. एका जागेवर चार हात पुरतात, मग पुढची जागा. आज कडेवर आली तेव्हा माळ पुरी व्हायला आठ नामं राहिली होती. चार झाली. जागा झाली होती. पण उरलेली चार मोजायला पुढची जागा धरायची तर दिवा हलवावा लागणार, पाण्याचा फवारा मारावा लागणार, मोजणी तुटणार. तिने हात न उचलता तिथेच आणखी चार मोजली. संख्या पुरी झाली आणि आवाज बदलला.

साडेदहा झाले होते. वर्कशॉपच्या पत्र्याखाली पाण्याचा पाइप कुठेतरी टपटपत होता. समोरच्या खणात कोटिंगवाला दुसऱ्या गाडीचे आरसे पुसत होता. शेवटचा काचेसारखा लेप लावायचं काम त्याचं, आणि बोलायचंही. "ताई," तो तिकडूनच म्हणाला, "तुमच्यासारखी बारापर्यंत न बोलणारी बायको मिळाली असती ना, तर मी बारापर्यंत घर सोडलं नसतं. मग उशीर झाला म्हणून मालकांची बोलणी खावी लागली तरी चाललं असतं." ती हसली. रोज हसते तशीच हसली, आणि आपला चेहरा आपल्याला न विचारता हसू शकतो याचं तिला नवल वाटलं. काळं फडकं तिने घडी करून, पांढरं आत घेऊन, एप्रनच्या खिशात घातलं. मालक ऑफिसच्या दारात आला. सकाळच्या वेळी तिला काही विचारायचं तर हो किंवा नाही असंच उत्तर येईल असं विचारायचं, हे त्याने सहा वर्षांत शिकून घेतलं होतं. "बॉनेट झालं? ठीक? अंगठा वर की खाली?" तिने अंगठा वर केला.

बोलायचं नाही एवढंच व्रत होतं. अंगठ्याबद्दल त्यात काही नव्हतं. हा विचार तिच्या मनात आला, आणि तो नवा नाही, तो फार जुना आहे आणि इतकी वर्षं कुठेतरी मागच्या खोलीत बसून होता, हे तिला आत कुठेतरी थंड लागावं तसं कळलं. तिने दुसरं पॅड लावलं आणि बॉनेटचा उजवा भाग सुरू केला. डावं, उजवं. एक, दोन. नाम येत नव्हतं. नुसते आकडे येत होते.

नऊ वर्षांपूर्वी व्रत अकरापर्यंतच होतं. सकाळी उठल्यापासून अकरापर्यंत मौन आणि दहा माळा. लग्नाआधीपासूनचं. नवऱ्याला त्याची सवय होती. तो पावाच्या कारखान्याची पांढरी व्हॅन चालवायचा. पहाटे निघून दुकानादुकानांत पाव टाकून नवाच्या सुमाराला परत यायचा, आणि व्हॅन इमारतीखाली लावून आधी ती धुवायचा. पावाची गाडी पांढरी असलीच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. काळ्या गाडीतून आलेला पाव लोक खातील, पण दोनदा वास घेऊन. वर आला की तो तिच्याशी एकटाच बोलत बसायचा. स्वतःच विचारायचा, तिच्या वतीने स्वतःच उत्तर द्यायचा. "चहा घेणार का? घेते. साखर किती? रोज काय विचारता?" ती खिडकीजवळच्या पाटावर माळ घेऊन बसलेली असायची आणि ओठ दाबून हसू आवरायची. मुलगी तेव्हा शिकायला दुसऱ्या शहरात. घरात दोघंच. त्या दिवशी तो आत आला तो काही विचारेना. दाराला टेकून उभा राहिला. शर्टाची वरची गुंडी उघडी होती आणि गळ्याजवळ घाम, थंडीचे दिवस असूनही. "छातीत दगड ठेवल्यासारखं वाटतंय गं," तो म्हणाला. पावणेदहा झाले होते. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, तिला ते न पाहता दिसलं. चार माळा राहिल्या होत्या. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि चार बोटं वर केली. तो हसला. खरंच हसला. "चार? बरं, होऊ दे तुझं. मी खाली गाडीत बसतो जरा. काच उघडली की वारा लागतो." चपला सरकवल्याचा आवाज आला, मग जिन्याचा.

तिने माळा भरभर केल्या नाहीत. हेच तिला पुढे सगळ्यांत जास्त छळत राहिलं. भरभर केल्या असत्या तर निदान म्हणता आलं असतं की घाई केली. त्या दिवशी नाम छान लागलं होतं. मन इकडेतिकडे गेलं नव्हतं. असं क्वचित होतं, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, आणि अशा दिवशी माळ संपली तरी संपल्यासारखी वाटत नाही. ती उठली, चहा टाकला, आणि अकराला पाच कमी असताना दोन कप भरून खाली गेली. व्हॅन उन्हात उभी होती, धुतलेली, दरवाजाच्या खालच्या कडेचे थेंब वाळून गेले होते. काच उघडी होती. त्याचे हात मांडीवर होते. तोंड इमारतीकडे वळलेलं, वरच्या मजल्याच्या खिडकीकडे. ती माळ घेऊन बसते तीच खिडकी. खालून तिथे काही दिसत नाही. तरी तिकडेच.

मग लोक आले. एकच वाक्य पसरत गेलं आणि दुपारपर्यंत पक्कं झालं: एक शब्द न बोलता गेला. नणंद तेच वाक्य रडत रडत प्रत्येकाला सांगत होती, आणि त्यात दुःखाइतकाच अभिमान होता, कुणाला त्रास न देता गेल्याचा. "भाग्याचं मरण गं वहिनी. ना कण्हला, ना कुथला. एक शब्द बोलला नाही." ती गप्प राहिली. तेव्हा कुणालाही वाटलं असतं की ती दुःखाने गप्प आहे, आणि ती दुःखानेच गप्प होती, त्यात खोटं काही नव्हतं. पण नणंदेला पहिल्या दिवशी सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं. मुलीला आल्या आल्या सांगितलं नाही म्हणून ती परत जाताना सांगणं अशक्य झालं. मग तिने मौन अकराऐवजी बारापर्यंत केलं. शेजारपाजारचे म्हणाले, दुःखातून माणूस देवाकडे वळतं. ती काही म्हणाली नाही. कारण एवढंच होतं की मौन सोडण्याची तिला भीती वाटत होती. कुठल्याही साध्या सकाळी, साध्या कारणासाठी, दूध उतू जातंय म्हणून नुसतं 'अगं बाई' एवढं जरी तोंडातून निघालं, तर मौन मोडता येतं हे सिद्ध झालं असतं. आज मोडता येतं, तर त्या दिवशीही मोडता आलं असतं. म्हणून नऊ वर्षांत तिने ते एकदाही मोडलं नव्हतं. तापात नाही, पाय मुरगळला तेव्हा नाही. लोक नमस्कार करायचे. नमस्कार घेताना तिला दर वेळी वाटायचं की आपण कुणाचीतरी वस्तू चोरून वापरतो आहोत.

बारा वाजले. कोटिंगवाल्याने रोजच्यासारखी टाळी वाजवली. "चला, रेडिओ सुरू! ताई, बोला, काय बातम्या?"

"पाणी कुठे गळतंय बघ जरा," ती म्हणाली. आवाज कोरडा आला. बारानंतरचं पहिलं वाक्य. बॉनेटबद्दल बोलायचं तर हीच वेळ होती. आता तोंडाला कुलूप नव्हतं. ती दुसरं काहीतरी बोलली, आणि तेही किती सहज. सकाळचं मौन हे मौन होतं. आता जे चाललं होतं त्याला काय म्हणायचं, ते तिला कळेना.

डबा उघडून बसली तेवढ्यात मुलीचा फोन आला. मुलगी आता तिशीच्या पुढे, नोकरीत, आईला दुपारी सव्वाबाराच्या आत कधी फोन करायचा नाही हे तिच्या अंगात मुरलेलं. गेले दोन महिने तिला मध्येच छातीत धडधड व्हायची, एकदा जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली होती. "काही नाही गं, जागरणं," असं तीच सांगायची. आज आवाजात ते 'काही नाही' नव्हतं.

"आई, पाचला मोठ्या डॉक्टरांकडे वेळ मिळालीय. फॉर्म भरतेय आधीच. बाबांचं विचारलंय यात."

"काय विचारलंय?"

"गेले तेव्हा आधी काही त्रास जाणवला होता का? छातीत दुखणं, जड वाटणं, घाम? किती वेळ आधी? मी त्यांच्या सहायकाला विचारलं की हे कशाला. तर म्हणाले, आधी छातीत दुखलं असेल तर प्रकार निराळा, आणि काहीच न होता माणूस एकदम गेला असेल तर निराळा. एकदम गेले असतील तर तो दोष माझ्यातही असू शकतो. मग आत नळी घालून तपासायचं, कदाचित छातीत ते धक्का देणारं यंत्र बसवायचं. म्हणून नीट आठवून सांग. बाबा काही बोलले होते?"

डब्याचं झाकण तिच्या मांडीवर होतं. त्यावर पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन पडलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"नक्की? आत्या पण म्हणते एक शब्द बोलले नाहीत."

"हो ना."

"मग मी 'अचानक' लिहिते." पेनाचा आवाज ऐकू आला, किंवा तिला तसं वाटलं. "बरं, जेवलीस का? आणि नुसता भात खाऊ नकोस. ठेवते."

तिने झाकण परत डब्यावर ठेवलं. नऊ वर्षांत कुणी तिला हे थेट विचारलं नव्हतं. बाबा काही बोलले होते का, असा प्रश्नच कधी आला नव्हता, कारण उत्तर आधीच सगळ्यांना माहीत होतं. तिने आजवर खोटं सांगितलं नव्हतं, फक्त खरं सांगितलं नव्हतं, आणि या दोहोंमध्ये जी काही बारीकशी जागा असते तिच्यावर ती नऊ वर्षं उभी होती. आज तीही घासली गेली. एक 'नाही', एक 'हो ना'. आणि त्यावर आता मुलीच्या अंगात नळी जाणार. तिला मुलीची छाती आठवली, लहानपणची, आंघोळ घालताना साबणाच्या हाताखाली पाखरासारखी उडणारी. तेव्हा नवरा दारातून ओरडायचा, अगं घास की, काच आहे का ती.

दोन वाजता कोटिंगवाल्याने हात धुतले, नवे हातमोजे घातले आणि लेपाची छोटी बाटली खोक्यातून काढली. हे काम करताना तोही गप्प होतो. चौकोनी ठोकळ्यावर मऊ कापड गुंडाळायचं, त्यावर थेंब घ्यायचे, आधी उभं, मग आडवं फिरवायचं. थोड्या वेळाने इंद्रधनुष्यासारखा रंग उमटला की पुसायचं. एकदा बसलं की बसलं. त्याखाली जे असेल ते तिथेच राहतं, चांगलं असो, वाईट असो, वर्षं-दोन वर्षं चकचकीत दिसतं. मंद झालेली ती नखाएवढी जागाही इतर बॉनेटसारखीच झळकेल. मग एखाद्या उन्हाळ्यात पिवळट पडेल, कडेने पापुद्रा सुटेल, आणि सुटलेल्या पापुद्र्याखाली पाणी शिरत राहील. तो बॉनेटच्या डाव्या बाजूला आला. ठोकळा टेकवणार तोच ती म्हणाली, "थांब."

तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने म्हणाली. त्याचा हात हवेतच राहिला. "काय झालं ताई? केस पडला?"

"कड जळलीय. लॅकर गेलंय. माझ्याने."

तो वाकून पाहू लागला. त्याला दिसेना. तिने दिवा धरला, मग खिशातलं काळं फडकं काढून उलगडलं. त्याने फडकं बोटांत चोळून पाहिलं आणि, जणू त्याचंच काही चुकलंय अशा आवाजात म्हणाला, "होतं ताई. माझ्या हातून दोनदा झालंय. मी तर सांगितलंही नव्हतं."

मालक आला. त्यानेही दिवा धरला, नखाने चाचपलं. "कधी झालं हे?"

"साडेदहाला."

"सकाळी मी विचारलं. अंगठा वर केलास."

"हो."

तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. तो तिच्याकडे असा पाहत होता, जणू रोजच्या वाटेवरचं ओळखीचं दार आज दुसऱ्याच घरात उघडलं होतं. "अगं, लेप मारून टाकायचा. दोन वर्षं कुणाच्या बापाला कळत नाही. नाहीतर बॉनेट पुन्हा रंगवायचं म्हणजे अख्ख्या गाडीशी पांढरा जुळवणं आलं. पांढऱ्यासारखा छळवादी रंग नाही, तुला मी सांगायला हवं? तू बोलू नकोस गाडीवाल्या बाईंपाशी. एरवी बोलतेस कुठे?" शेवटचं तो गमतीने म्हणाला, वातावरण सैल करायला. कोटिंगवाला हसला नाही.

"मी सांगणार त्यांना," ती म्हणाली.

गाडीच्या मालकीण चारला आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, सत्तरीच्या, गाडीला 'आमची म्हातारी' म्हणणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि छातीवर हात ठेवला. "अगं बाई, ही तर लग्नाला उभी राहील! मला कुणी असं घासून देईल का?" मग तिने त्यांना बॉनेटजवळ नेलं आणि सांगितलं. तिने मनात वाक्यं जुळवली होती, पण बोलताना ती सरळ आली: टेप काढली, चार हातांऐवजी आठ फिरवले, साडेदहाला कळलं, सकाळी मालकांना खोटं सांगितलं. बाईंनी चष्मा पुसून लावला, वाकल्या, दिव्याबरोबर मान इकडून तिकडे नेली.

"मला तर काही दिसत नाही हो."

"आज दिसणार नाही. पुढे दिसेल."

"पुढे म्हणजे?"

"वर्ष. दोन वर्षं."

"तोवर मी दिसेन का ते आधी बघू!" बाई खळखळून हसल्या, आणि हसता हसता तिच्या दंडावर थोपटलं. "एवढ्याशासाठी तोंड का असं पांढरं केलंयस? तू सांगितलंस ना? झालं तर. लावा तो तुमचा लेप."

झालं तर. इतकंच. तिला वाटलं होतं काहीतरी होईल. आवाज चढतील, अपमान होईल, काम जाईल, आणि त्या बदल्यात छातीवरचं काहीतरी उतरेल. काहीच झालं नाही. बाई कोटिंगवाल्याला विचारत होत्या की पक्ष्यांनी घाण केली तर लगेच पुसायची की वाळू द्यायची. मालकाने लांबूनच खांदे उडवले. माफी इतक्या स्वस्तात मिळाली की ती हातात धरून कुठे ठेवावी तेही कळेना. आणि मग तिला कळलं की ही माफी त्या दुसऱ्या गोष्टीला पुरणार नाही, आपण मात्र दुपारपासून ती तशी पुरवून वापरायचा बेत करत होतो. छोटं सांगून मोठं भागवायचं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

ती मागच्या बाजूला, धुण्याच्या पाट्याजवळ गेली. ओली फडकी तारेवर टांगलेली होती. तिने फोन लावला. वाजत राहिला. मुलगी एव्हाना दवाखान्यात पोचलेली असणार, पर्समध्ये फोन शोधत असणार. लागला नाही तर? लागला नाही तर बरं, असं एक क्षण वाटलं, आणि तेवढ्यासाठी तिने फोन आणखी घट्ट धरला.

"काय गं आई? मी बाहेर बसलेय. माझ्या आधी दोघं आहेत."

"फॉर्म दिलास?"

"हातात आहे. का?"

"'अचानक' खोड."

"काय?"

"बाबा बोलले होते." तिने डोळे मिटले नाहीत. समोर तारेवर एक फडकं ठिबकत होतं. "छातीत दगड ठेवल्यासारखं वाटतंय, असं म्हणाले. घाम आला होता. पावणेदहा वाजले होते. मी मौनात होते. मी चार बोटं दाखवली, चार माळा राहिल्यात म्हणून. ते म्हणाले होऊ दे तुझं, आणि खाली जाऊन बसले. मी अकराला पाच कमी असताना गेले. एक तास दहा मिनिटं. ते लिही. मी कुणालाच सांगितलं नाही. आत्याला माहीत नाही. दुपारी तू विचारलंस तेव्हाही मी खोटं सांगितलं."

तिकडून काही आलं नाही. फोन बंद झालेला नव्हता. दवाखान्यातले आवाज येत होते. कुणीतरी खोकलं, खुर्ची सरकली, एका बाईने कुणाचा तरी क्रमांक पुकारला, तो मुलीचा नव्हता. आणि त्या सगळ्याच्या अलीकडे, अगदी कानाशी, मुलीचा श्वास. ती पुढचं बोलणार होती. तुला माझा राग आला असेल, असं. किंवा डॉक्टरांना नीट वाचून दाखव, असं. पण ज्याचं सांगायचं ते सांगून झालंय आणि आता उत्तर दुसऱ्याच्या हातात आहे, अशा माणसाने मध्ये बोलू नये. नवराही बोलला नव्हता. त्याने खालून हाक मारली नव्हती, हॉर्न वाजवला नव्हता. काच उघडी ठेवून वर बघत नुसता थांबला होता. एक तास दहा मिनिटं म्हणजे किती, हे तिने आजवर नेहमी वरून मोजलं होतं, खिडकीतून, माळेच्या मण्यांनी. त्या बाजूला तो वेळ चार माळांचा होता. या बाजूला, थांबणाऱ्याच्या, तो किती होता ते तिला आत्ता, या पाट्याजवळ उभं राहून, पहिल्यांदा कळू लागलं होतं, आणि अजून एक मिनिटही झालं नव्हतं.

पलीकडे कागद वाजला. तिने फोन कानापासून हलवला नाही, वेळ बघितली नाही, काही मोजलं नाही. ती वाट बघत उभी राहिली.